मान हलली, पण होय कीं नाहीं?

१८७७ सालच्या जून महिन्यांत रशियाचें सैन्य डॅन्यूब नदी ओलांडून बल्गेरियांत उतरलें. बल्गेरियावर त्या वेळीं तुर्कांचा अंमल होता, आणि तुर्कांशीं सुरू झालेलें तें युद्ध पुढील वर्षीं संपलें. रशियन शिपायाला हा मुलूख सर्वस्वी परका वाटण्याचें वस्तुतः कांहीं कारण नव्हतें. बल्गेरियन शेतकरी त्याच्याच ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा. त्याची लिपी जवळ जवळ तीच. आणि त्याची भाषा रशियन भाषेची सख्खी नव्हे, तरी चुलत बहीण खास. 'होय' या अर्थीं दोघेही 'दा' असाच शब्द उच्चारीत. परंतु शिपायानें एखाद्या घराच्या दारांत उभें राहून भाकरी आहे काय, पुढची वाट मोकळी आहे काय, असें विचारावें, आणि घरधन्यानें मान आडवी हलवावी. शिपायानें समजावें, 'नाहीं'; घरधन्याच्या मनांत असावें, 'होय'.

दिवस जातां जातां ही गोष्ट शिपायांच्या ध्यानांत आली. मान ही आपल्या ताब्यांतली वस्तु. तेव्हां बल्गेरियन मनुष्याशीं बोलतांना आपणही त्याच्याच रीतीनें ती हलवावी, असें कित्येकांनीं मनाशीं ठरविलें. परंतु त्यामुळें घोटाळा मिटला नाहीं, उलट वाढला. समोरचा रशियन या घटकेला आपल्या देशच्या रीतीनें मान हलवीत आहे, कीं मुद्दाम बल्गेरियाच्या रीतीनें, हें बल्गेरियनाला कळेनासें झालें. पूर्वीं चूक एका बाजूनें होई, ती आतां दोन्ही बाजूंनीं होऊं लागली. रोमान याकॉबसन या नामांकित भाषाशास्त्रज्ञांनीं होकार-नकाराच्या खुणांविषयीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत ही हकीकत नमूद करून ठेविली आहे.

हकीकत लहान आहे. पण तिचा विचार मोठा आहे. परकी भाषा कानावर पडली म्हणजे ती आपल्याला कळत नाहीं, एवढें तरी निश्चित कळतें. मनुष्य थांबतो, दुभाष्या शोधतो, किंवा निदान आपलें अज्ञान कबूल करतो. परकी खूण दृष्टीस पडली म्हणजे मात्र असें होत नाहीं. मान, हात, डोळे हे अवयव सर्व मनुष्यांस सारखेच. तेव्हां त्यांची भाषाही सर्वत्र एकच असली पाहिजे, अशी आपली नकळत समजूत झालेली असते. मान हलण्याचा अर्थ विचारण्यासाठीं कोणी दुभाष्या बोलावीत नाहीं. आणि खरा अनर्थ येथूनच उद्भवतो. शब्द चुकला तर 'भाषा कळली नाहीं' असें आपण म्हणतों. खूण चुकली तर 'माणूस कळला' असें म्हणतों. तो उद्धट आहे, लबाड आहे, मंदबुद्धि आहे, किंवा मनांत पाप असल्यामुळें खालीं पाहत आहे, असे निर्णय आपण क्षणार्धांत देऊन मोकळे होतों. जो केवळ व्याकरणाचा दोष, तो आपण स्वभावाचा दोष ठरवितों.

तर मग बल्गेरियन लोकांची मान उलटी आहे काय? तसें म्हणणें म्हणजे आपली मान तेवढी सुलटी, असें आधींच गृहीत धरणें होय. बल्गेरियांत येणाऱ्या प्रवाशाला यावर एक दंतकथा सांगण्यांत येते. तुर्की अंमलांत गळ्याशीं तरवार धरून धर्म सोडण्याविषयीं विचारीत, तेव्हां तरवारीला फसविण्यासाठीं लोकांनीं होकार आणि नकार यांची अदलाबदल केली, असा तिचा आशय. कथा शौर्याची आहे, परंतु ती कथाच आहे. शिवाय एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे: शेजाऱ्याच्या रीतीला कांहींतरी कारण असलें पाहिजे, असें सर्वांस वाटतें, आपल्या रीतीला मात्र कारण विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

याकॉबसन यांनीं या खुणांच्या तीन रीती सांगितल्या आहेत. पहिली रीत रशिया, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी इत्यादि बहुतेक युरोपीय देशांतली. तींत मान वरखालीं लवविली म्हणजे होय, आणि उजवीडावीकडे फिरविली म्हणजे नाहीं. दुसरी रीत बल्गेरियाची. तेथें मान दोन्ही बाजूंस हलविली म्हणजे होय, आणि हनुवटी वर करून डोकें मागें टाकलें म्हणजे नाहीं. तिसरी रीत ग्रीसची व दक्षिण इटलीची. तेथें डोकें पुढें लवविणें हा होकार, आणि मागें टाकणें हा नकार. सोबत भुवया वर जातात, आणि पुष्कळदां जिभेचा 'च्' असा एकच आवाजही निघतो. तुर्कस्तानांतही नकाराची हीच खूण रूढ आहे. आतां मागें टाकलेलें डोकें पुन्हां जागेवर यावयाचेंच. नकार ठासून सांगण्यासाठीं ही हालचाल दोन-तीनदां केली, कीं दुरून पाहणाऱ्या परकीयास ती वरखालीं हलणारी होकाराची मानच वाटते. बल्गेरियांत तर होकाराची मान नकारासारखी आणि नकाराची मान होकारासारखी, असा दुहेरी पेंच पडतो.

तथापि यांपैकीं एकही रीत वेडीवांकडी नाहीं. प्रत्येकीच्या पोटांत एक सरळ विचार आहे. पुढें लवलेलें डोकें नमस्काराचें, मान्यतेचें. म्हणून तें होकाराचें झालें. मागें टाकलेलें डोकें त्या नमनाच्या नेमकें उलट. म्हणून तें नकाराचें झालें. समोरच्यापासून तोंड फिरविणें हाही नकारच. आणि बल्गेरियन मान जी बाजूस वळते, ती तोंड फिरविण्यासाठीं नव्हे, तर कान पुढें करण्यासाठीं, असें याकॉबसन यांनीं सुचविलें आहे. बोलणाऱ्याकडे 'कान देणें' हा वाक्प्रचार मराठीप्रमाणें बल्गेरियन भाषेंतही आहे; त्या दृष्टीनें पाहिलें असतां ती मान उलटी न वाटतां उलट फार सौजन्याची वाटूं लागते. सारांश, एकच हालचाल एका देशानें 'तोंड फिरविलें' अशी वाचली आणि दुसऱ्यानें 'कान दिला' अशी वाचली. दोन्ही वाचनें आपापल्या घरीं शुद्ध आहेत.

या खुणा किती चिवट असतात, याचें एक उदाहरण इटलींत पाहावयास मिळतें. होमरच्या 'इलियड' या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या पहिल्या सर्गांत देवराज झ्यूस याचना मान्य करतो, तेव्हां तो मस्तक खालीं लववितो. आणि सहाव्या सर्गांत ट्रॉय नगरीच्या स्त्रिया अथीना देवीची प्रार्थना करतात व देवी ती नाकारते, तेव्हां कवीनें योजलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ 'मान वर केली' असा आहे. म्हणजे नकाराची ही ग्रीक खूण निदान अडीच हजार वर्षांहून जुनी. इसवी सनापूर्वीं आठव्या शतकापासून ग्रीक लोकांनीं दक्षिण इटलींत व सिसिली बेटांत वसाहती केल्या. नेपल्स हें नांवही 'नवें नगर' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून आलेलें आहे. पुढें रोमन आले, त्यांचें साम्राज्यही गेलें. नेपल्सच्या लोकांच्या तोंडची ग्रीक भाषा लोपून तेथें इटालियन रुजली.

आतां गंमत अशी कीं, डेस्मंड मॉरिस आणि त्यांचे तीन सहकारी यांनीं युरोप व भूमध्य समुद्राच्या आसपासच्या ४० ठिकाणीं २० खुणांची पाहणी केली, व ती १९७९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तींत त्यांना असें आढळलें कीं, नकारार्थी रोमचा मनुष्य मान आडवी हलवितो आणि नेपल्सचा मनुष्य डोकें मागें टाकतो. दोन्ही शहरें एकाच देशांतलीं, एकच भाषा बोलणारीं, एकाच पंथाचीं. परंतु त्यांच्या दरम्यान मासिको नांवाची एक डोंगरांची ओळ आहे, आणि या खुणेची सीमा त्या ओळीच्या आसपास पडते. प्राचीन ग्रीक वसाहतींचा पगडा उत्तरेकडे साधारण तेथवरच पोंचला होता. राज्यें गेलीं, भाषा गेली, देव बदलले. नकार देणारी मान तेवढी राहिली. शब्द आपण पुस्तकांतून शिकतों, तसे विसरतोंही. मान हलविणें हें आईच्या कडेवर बसून शिकलेलें असतें.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. होकार-नकाराच्या या खुणा शिकलेल्या कशावरून? त्या निसर्गानेंच दिलेल्या नसतील काय? ही शंका चार्लस डार्विन यांनाही आली होती. मनुष्य व पशु यांच्या भावनांचें प्रकटीकरण कसें होतें, यावर त्यांनीं १८७२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यांनीं निरनिराळ्या खंडांत राहणाऱ्या मिशनऱ्यांना व अधिकाऱ्यांना एक प्रश्नावली पाठविली होती. तींतील एक प्रश्न हाच होता, कीं तिकडील लोक होकारार्थी मान वरखालीं व नकारार्थी आडवी हलवितात काय. डार्विन यांचें निरीक्षण असें कीं, तान्ह्या मुलाला नको असलेला घांस दिला म्हणजे तें तोंड बाजूला वळवितें, आणि हवा असलेला घांस घेण्यास डोकें पुढें करतें. खुणांचें मूळ बहुधा तेथें असावें. परंतु आलेलीं उत्तरें एकसारखीं नव्हतीं. ग्रीक व तुर्क लोकांचा नकार डोकें मागें टाकण्याचा. उलट हबसाण देशांतून कळलें तें असें, कीं तेथें डोकें क्षणभर मागें जाऊन भुवया वर चढल्या म्हणजे तो होकार, आणि मान उजव्या खांद्याकडे झटकून जिभेचा आवाज केला म्हणजे नकार. म्हणजे जें ग्रीसमध्यें 'नाहीं', जवळ जवळ तेंच हबसाणांत 'होय'. निसर्ग फार तर बीज देतो; त्याचा वेल कोणत्या मांडवावर चढवावयाचा, हें ज्या त्या समाजानें ठरविलेलें असतें.

आतां आपल्या घराकडे वळावयास हरकत नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत मस्तकाच्या १३ हालचाली सांगून प्रत्येकीचा विनियोग दिलेला आहे. मान हळूहळू आडवी हलविण्याला तेथें 'धुत' असें नांव आहे. ही हालचाल निषेधाला योजावी, विषादाला योजावी, विस्मयाला योजावी, आणि 'प्रत्यय' म्हणजे खात्री दाखविण्यासही योजावी, असें तेथें सांगितलें आहे. निषेध आणि खात्री हीं दोन टोकें. परंतु शास्त्रकारांना त्यांत विसंगति वाटली नाहीं. प्रसंग पाहून अर्थ घ्यावयाचा, हें त्यांनीं गृहीतच धरलें होतें.

हिंदुस्थानांतील ज्या मानेनें परदेशीय लोकांना आजही बुचकळ्यांत पाडलें आहे, ती मात्र आडवीही नव्हे आणि उभीही नव्हे. ती एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे घड्याळाच्या लंबकासारखी डोलते. गायनाच्या बैठकींत समेवर ती डोलली तर अर्थ 'वाहवा'. दुकानदारानें डोलविली तर 'ठीक आहे, त्याच भावानें घ्या'. वडिलांची आज्ञा ऐकतांना मुलानें डोलविली तर 'बरें'. आणि शेजारीण आपलें गाऱ्हाणें सांगत असतां ऐकणारीची मान डोलत असली, तर तो होकारही नाहीं आणि नकारही नाहीं. तो केवळ हुंकार आहे. कथा सांगणाऱ्याला कोणीतरी हुंकार द्यावा लागतो, हें आपल्याकडील लहान मूलही जाणतें. आणि हुंकार दिला म्हणजे कथा खरी मानली, असें कोणी समजत नाहीं. जपानी मनुष्य बोलणें ऐकतांना 'हाय, हाय' म्हणतो, तेंही पुष्कळदां असेंच असतें. 'हाय' म्हणजे 'होय' असें कोशांत सांपडतें. पण व्यवहारांत त्याचा अर्थ 'ऐकतों आहें' एवढाच असूं शकतो. इंग्रज किंवा अमेरिकन गृहस्थ हा हुंकार करारनाम्यावरील सही समजून घरीं जातो, आणि पुढें काम त्याप्रमाणें झालें नाहीं म्हणजे समोरच्यानें वचन मोडलें, असा त्याचा ग्रह होतो. त्याचप्रमाणें पुण्याचा तरुण परदेशांतील कचेरींत वरिष्ठापुढें मान डोलवितो, तेव्हां आपण नम्रपणें 'होय' म्हटलें असें त्याला वाटतें. वरिष्ठाला मात्र तो 'पाहूं, कदाचित्' म्हणून टाळाटाळ करीत आहे, असें वाटण्याचा संभव असतो. दोघेही प्रामाणिक, पण दोघांचाही एकमेकांच्या प्रामाणिकपणाविषयीं संशय.

जिभेच्या आवाजाचीही तीच कथा. मराठी मनुष्य दुसऱ्याचें दुःख ऐकून 'च्च, च्च' करतो; चुकचुकणें म्हणजे हळहळणें. इस्तंबूलच्या बाजारांत त्यानें एखादा जिन्नस आहे काय म्हणून विचारावें, आणि दुकानदारानें भुवया उंचावून 'च्' असा आवाज करावा, म्हणजे हा आपली कींव करतो कीं आपल्यावर वैतागला, असें त्याला वाटेल. वस्तुतः दुकानदारानें साधें, सभ्य 'नाहीं' एवढेंच म्हटलेलें असतें. हातानें बोलावण्याचेंही तसेंच. आपल्याकडे मुलाला जवळ बोलावतांना पंजा पालथा धरून बोटें आपल्याकडे ओढतात. इंग्रज मनुष्य पंजा उताणा धरून बोलावतो. आपली पालथी खूण त्याला 'दूर हो' अशी वाटूं शकते, आणि त्याचें एका बोटानें बोलावणें आपल्याला अपमानाचें वाटतें.

अंगाच्या खुणा सोडून तोंडच्या शब्दांकडे आलें, तरी होय आणि नाहीं यांचा हा खेळ संपत नाहीं. मराठी पंगतींत पाहुणा पहिल्या आग्रहाला 'नको' म्हणतो. तो 'नको' नकाराचा नव्हे, सभ्यतेचा. वाढणाराही तें ओळखून आणखी एक जिलबी पानांत टाकतो. खरोखरच पोट भरलें असेल तर पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरतो, आणि मग यजमान ओळखतो कीं आतांचा 'नको' हा खरा. इराणांत या शिष्टाचाराला 'तआरुफ' म्हणतात. तेथील दुकानदाराला किंमत विचारली असतां, आपल्यापुढें या वस्तूची काय काबिली, अशा अर्थाचें उत्तर तो प्रथम देतो. त्यावरून वस्तु फुकट मिळाली असें समजून ती उचलून चालूं लागणाऱ्या परकीयाची काय स्थिति होईल, हें सांगावयास नको. उलट इंग्रजाच्या घरीं गेलेला मराठी विद्यार्थी चहाला सभ्यपणें एकदां 'नको' म्हणतो, यजमानीण तो शब्द तंतोतंत खरा मानते, आणि बिचारा दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत कोरड्या घशानें परत येतो. त्याला वाटतें, हे लोक किती रुक्ष. तिला वाटतें, याला चहा आवडत नाहीं.

अशा गोष्टी पाहून 'तें त्यांच्या रक्तांतच आहे' असें म्हणण्याचा मोह होतो. हा मोह निरुपद्रवी नाहीं. गेल्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत जर्मनींतील वंशवादी लेखक हातवारे व चालढाल हीं वंशाचीं लक्षणें म्हणून सांगत असत, आणि ज्यू लोकांची हेटाळणी करण्यास त्याचा उपयोग होई. हें मत तपासून पाहण्याचें काम मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे शिष्य डेव्हिड एफ्रॉन यांनीं हातीं घेतलें. न्यूयॉर्क शहरांत पूर्व युरोपांतून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलींतून आलेले इटालियन यांचे हातवारे त्यांनीं प्रत्यक्ष पाहून, चित्रकाराकडून रेखाटून व चित्रफितीवर घेऊन अभ्यासिले. ज्यूंचे हात शरीराजवळ, कोपर अंगालगत, जणूं विचाराचा माग काढीत हवेंत नागमोडी फिरत. इटालियनांचा सबंध हात खांद्यापासून फिरे आणि वस्तूंचीं चित्रें काढी. परंतु अमेरिकन समाजांत मिसळून गेलेल्या त्यांच्याच वंशजांत हा फरक उरला नव्हता. ते एकमेकांसारखेच हात हलवीत. एफ्रॉन यांचा ग्रंथ १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. रक्त तेंच होतें. संगत बदलली, हात बदलले. मासिकोच्या डोंगराजवळ जी खूण अडीच हजार वर्षें टिकली, ती तेथील मुलें पिढ्यान्पिढ्या आपल्याच माणसांत वाढलीं म्हणून टिकली. रक्तांत होती म्हणून नव्हे.

आतांपर्यंत जीं उदाहरणें आलीं, त्यांत नुकसान झालें तें फार तर एका चहाच्या पेल्याचें. परंतु चुकीच्या वाचलेल्या होकारानें मनुष्य तुरुंगांतही जाऊं शकतो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या विभागांतील सर्वोच्च न्यायालयापुढें १९७६ सालीं तेथील आदिवासी आरोपींच्या कबुलीजबाबांचा प्रश्न आला. पोलिसांनीं विचारावें आणि आरोपीनें 'होय' म्हणावें, असें त्या जबाबांचें स्वरूप. न्यायमूर्ति फॉर्स्टर यांनीं आपल्या निर्णयांत असें दाखवून दिलें कीं, हे लोक स्वभावतः सौजन्यशील आहेत. गोऱ्या अधिकाऱ्यानें प्रश्न केला असतां त्याला जें उत्तर हवें असेल असें वाटतें, तें ते देतात. तो होकार अपराधाचा नव्हे, आदबीचा. शिवाय त्यांच्या अनेक जमातींत मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणें हें असभ्यपणाचें, आणि प्रश्नानंतर कांहीं वेळ गप्प राहणें हें विचारीपणाचें मानतात. न्यायालयांत मात्र खालीं गेलेली नजर म्हणजे पापाची टोंचणी आणि मौन म्हणजे लपवाछपवी, असा अर्थ लावण्यांत येई. 'तुला उत्तर देण्याची सक्ति नाहीं, हें समजलें ना?' या प्रश्नालाही उत्तर 'होय' असेंच येई; आणि त्या 'होय'वरून कांहींच सिद्ध होत नसे.

त्या निर्णयांत पोलिसांसाठीं नऊ सूचना घालून दिलेल्या आहेत. जरूर तेथें दुभाष्या असावा, आरोपीच्या विश्वासांतील एक मनुष्य जवळ बसलेला असावा, उत्तर सुचविणारे प्रश्न करूं नयेत, कबुली मिळाली तरी स्वतंत्र पुरावा शोधावा, मनुष्य थकलेला किंवा आजारी असतां त्याची तपासणी करूं नये, वगैरे. त्यांतली एक सूचना विशेष मननीय आहे. आरोपीला त्याचा हक्क समजावून सांगितल्यावर 'समजलें का?' एवढेंच विचारून थांबूं नये. जें समजलें तें त्याच्याच शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्यावें.

न्यायमूर्तींनीं ही सूचना पोलिसांना केली खरी. परंतु ती लागू पडते शाळेलाही. फळ्यावरचें गणित पुरें करून मास्तर वर्गाकडे वळतात, 'समजलें का?' म्हणून विचारतात, आणि चाळीस माना हलतात. त्यांतल्या किती होकाराच्या, किती हुंकाराच्या, आणि किती केवळ आदबीच्या, हें मानांवरून ओळखतां येत नाहीं. गडचिरोलीच्या रानांतील माडिया मूल किंवा मेळघाटांतील कोरकू मूल मराठी शाळेंत येतें, तेव्हां त्याची घरची बोली निराळी असते, हें आतां बहुतेक शिक्षक जाणतात. परंतु शब्दांबरोबर त्याचें गप्प बसणें, त्याची खालीं गेलेली नजर, त्याचा 'हो', हींही घरच्या बोलीचींच आहेत, हें ध्यानांत येण्यास वेळ लागतो. आणि तोंवर 'ढ', 'घुमा', 'कोडगा' अशीं विशेषणें त्या मुलाच्या नांवापुढें लागून जातात. एकदां लागलेलें विशेषण सहजासहजीं पुसलें जात नाहीं. तें मूल पुढें शाळेंत टिकतें कीं गुरांमागें परत जातें, हें कधीं कधीं तेवढ्यावरच ठरतें.

यावर उपाय कोणता? सर्व जगाच्या खुणा पाठ करणें, हा उपाय नव्हे. तो रशियन शिपायांनीं करून पाहिला, आणि त्यांतून संशयच वाढला. आज बल्गेरियांतही परकीयांशीं व्यवहार करणारे कित्येक लोक पाहुण्यांच्या रीतीनें मान हलवितात, आणि म्हणून पाहुण्याला पुन्हां तोच प्रश्न पडतो, कीं ही मान कोणत्या देशची? खुणा शिकाव्या, त्यांत गोडी आहे आणि सौजन्यही आहे. परंतु जेथें कांहीं महत्त्वाचें अवलंबून असेल, तेथें मानेवर विसंबूं नये. पुन्हां विचारावें, निराळ्या रीतीनें विचारावें, आणि समोरच्याला त्याच्या शब्दांत सांगण्यास अवकाश द्यावा. दुसऱ्याच्या स्वभावाविषयीं मत बनविण्यापूर्वीं आपण त्याची खूण बरोबर वाचली काय, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. तेवढ्यानें पुष्कळसे निर्णय थोडे पुढें ढकलले जातील, आणि कांहीं कायमचे रद्द होतील.

बल्गेरियन शेतकऱ्याच्या दारांत उभ्या असलेल्या त्या रशियन शिपायाला याहून सोपा मार्ग उपलब्ध होता. मानेकडे न पाहतां तो नीट ऐकता, तर त्याला ओळखीचा शब्द ऐकूं आला असता. मान आडवी हलत होती. तोंडानें मात्र शेतकरी 'दा, दा' असेंच म्हणत होता.